तळघरात वॉकीटॉकी मुका का होतो?

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या अग्निशमन पथकाकडे पाच वॅटचे सेट आहेत. बाहेर रिपीटरवरून (संदेश घेऊन तो पुन्हा जोरात प्रसारित करणाऱ्या यंत्रावरून) कित्येक किलोमीटर स्पष्ट ऐकू येतं. पण सरावात तळघरात उतरलेल्या जवानाचं बोलणं दारातल्या माणसालाही कळलं नाही. सेट खराब आहेत का?

उत्तर : सेट बहुधा ठणठणीत आहेत, चॅनेल चुकतंय. रिपीटर चॅनेलवर सेट एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो. म्हणजे जवानाचा संदेश आधी रिपीटरच्या दूरच्या टॉवरपर्यंत पोचला, तरच तो दारातल्या माणसाला मिळणार. वीस पावलांवर उभं राहूनही थेट ऐकायची सोय नाही. काँक्रीट, सळया आणि माती ओलांडून टॉवर गाठणं तळघरातल्या सेटला जमत नाही.

म्हणून आत जाणारे जवान आणि दारावरचा अधिकारी यांनी थेट चॅनेल वापरावं, ज्यात बोलणं-ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर होतं. नियंत्रण कक्षाशी बोलायला रिपीटरवरचा दुसरा सेट ठेवा, पण तो दुसऱ्या माणसाच्या हाती. एकाच छातीवर दोन सेट लटकवले की एकावर बोलताना दुसऱ्याच्या ऐकण्यात अडथळा येतो आणि नेमका महत्त्वाचा संदेश बुडतो.

थेट चॅनेललाही मर्यादा आहेतच. दोन मजले खाली जायचं असेल, तर जिन्याच्या वळणावर निरोप पुढे देणारा एक जवान उभा करा. इमारतीत स्वतःची रिपीटर यंत्रणा असेल, तर ती चालू कशी करायची आणि चालू झाली हे कसं ओळखायचं, दोन्ही आधी शिकून घ्या. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये रिपीटर चालू होता. पण फलकावरचं दुसरं बटण दाबलं गेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर मनोऱ्यात चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना तो बंदच वाटला.

सरावात दारं बंद ठेवून, पूर्ण पोशाखात फिरा आणि आवाज तुटतो त्या जागा नकाशावर मांडा. सेट हातात उंच धरून घेतलेली चाचणी फसवी असते. कोटाखाली, अंगाला चिकटलेल्या अँटेनाची बरीच ताकद शरीरच शोषून घेतं.

प्रश्न : डिजिटल सेट घेतल्यापासून मास्कमधून बोललेलं नुसतं गुरगुरल्यासारखं येतं. काय करावं?

उत्तर : डिजिटल सेटमधला कोडर (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करणारा भाग) मानवी आवाज गृहीत धरून बनवलेला असतो. पंपाची घरघर किंवा हवा संपत आल्याची शिट्टी त्यात मिसळली की तो शब्दांचीच मोडतोड करतो. अ‍ॅनालॉगवर निदान कान तरी शब्द निवडून घेऊ शकतो. माइक मास्कच्या ध्वनिपडद्यासमोर दोन-तीन सेंटिमीटरवर धरा, गोंगाटाकडे पाठ करा, आणि ओरडू नका. ओरडण्याने आवाज आणखी फाटतो.

बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द जातो. शेवटही तितकाच जपा. घाईत बटण सोडलं तर ‘आत जाऊ नका’मधला ‘नका’ गळतो! त्यापेक्षा ‘थांबा, बाहेर थांबा’ म्हणावं, आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवावं.

प्रश्न : जवान आत अडकला तर त्याने नेमकं काय सांगावं?

उत्तर : ‘मेडे’ हा संकटाचा संकेतशब्द तीनदा. मग कोण, कुठे, काय झालं, हवा किती उरली: ‘मेडे, मेडे, मेडे. पथक दोन, जवान तीन. पहिलं तळघर, उत्तर जिन्याजवळ. छत कोसळून पाय अडकलाय. हवा 90 बार.’ (बार हे टाकीतल्या हवेच्या दाबाचं एकक.) त्यानंतर बाकीच्यांनी गप्प राहायचं. अडकलेल्याला चॅनेल बदलायला सांगू नका, इतरांना दुसऱ्या चॅनेलवर हलवा. हातमोज्यात, अंधारात त्याच्याकडून चॅनेलची खुंटी भलतीकडे फिरण्याचा धोका फार मोठा. सेटवरचं नारिंगी आणीबाणीचं बटण काय आणि कुठे पाठवतं हे प्रोग्रॅमिंगवर ठरतं, तेव्हा तेही सरावात दाबून बघा.

प्रश्न : आठ तासांची बॅटरी तीन तासांत का संपते?

उत्तर : आठ तासांचा आकडा बहुधा 5 टक्के बोलणं, 5 टक्के ऐकणं आणि 90 टक्के शांतता धरून काढलेला असतो. आगीच्या ठिकाणी बोलणंच जास्त. कडाक्याच्या थंडीत क्षमता आणखी घटते. भारलेली जादा बॅटरी गाडीत ठेवा. क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली गेलेली बॅटरी बदलून टाका.