शोकसभेच्या आधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शाळेतल्या शोकसभेत बोलायचंय आणि काहीच सुचत नाही, असं लिहिलंयस. पहिलीपासून एका बाकावर बसलेला मित्र जाऊन आठवडा झाला नाही, कुणाला काय सुचणार? माझाही वर्गमित्र असाच गेला, हवाईदलात विमान शिकताना. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, आता साठी ओलांडली. म्हणून लिहायचं धाडस करतो.

भाषण नंतर लिही. आधी त्याच्या घरी जा.

मी गेलो नव्हतो. अंत्ययात्रेला होतो; तिरंग्यातली पेटी, बंदुकांची सलामी, मार्कंडेय नदीच्या काठी लोटलेलं गाव, सगळं पाहिलं. पण त्यानंतर आठ महिने त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मी जिवंत, धडधाकट. त्याच्या आईसमोर, काकूंसमोर, कुठल्या तोंडानं उभा राहू, असं वाटायचं. शेवटी गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तू तरी येशील असं वाटलं होतं." तुला हे कधी ऐकावं लागू नये.

त्या दिवशी त्यांनी मला त्याच्या शेवटच्या सुट्टीतली गोष्ट सांगितली. तो रोज सकाळी परसात खुर्ची टाकून, डोळ्यांवर पंचा बांधून बसायचा आणि हात हवेत फिरवायचा. डावीकडे खाली, मग समोर, मग उजव्या गुडघ्यापाशी. काकू घाबरल्या, पोराला झालंय काय! शिकाऊ वैमानिकाला कॉकपिटमधला प्रत्येक खटका, प्रत्येक काटा डोळे मिटून सापडावा लागतो, कारण आणीबाणीत शोधत बसायला वेळ नसतो. त्याचं ते पाठांतर चाललेलं. काकूंनी विचारलं तर म्हणाला, "तू नाही का लाइट गेल्यावर मिठाचा डबा बरोबर काढतेस? तसंच गे हे." सांगताना काकूंनी स्वतःही डोळे मिटले होते आणि त्यांचे हात तसेच फिरत होते, डावीकडे खाली, समोर, गुडघ्यापाशी.

तुझ्या मित्राचंही असं काहीतरी त्या घरात असेल. ते त्याच्या आईला सांगू दे. तुझ्याकडचं तू त्यांना सांग. तुम्ही दोघं सायकली हाणत सांबऱ्याला हवाईदलाच्या तळावर जायचात आणि कुंपणाशी उभं राहून विमानं बघायचात, हे तू मला नववीत असताना सांगितलं होतंस. तिथं एअरमन, म्हणजे जमिनीवरची कामं सांभाळणारे जवान घडवतात, वैमानिक नाही, हे कळल्यावर त्याचं तोंड उतरलं होतं म्हणे. हे त्याच्या आईला माहीत आहे का?

अपघात कशामुळे झाला यावर सभेत एक शब्दही बोलू नकोस. चौकशी चालू आहे. पानटपरीवर कुणी म्हणेल इंजिन बंद पडलं, कुणी म्हणेल पोराची चूक झाली. शिकाऊ विमानात बहुतेक वेळा दोघं असतात. 4 डिसेंबर 2023 ला तेलंगणात तूपरानजवळ पिलाटस कोसळलं, तेव्हा प्रशिक्षक आणि छात्र दोघंही गेले. आपण इथं बसून एकाला दोषी ठरवतो तेव्हा कुठल्यातरी दुसऱ्या गावातल्या आईला ते लागतं.

राग येणार, मलाही आला होता. तो कुणावर काढावा ते कळेना म्हणून मी वाचत सुटलो. जेट शिकवणारं प्रगत विमान हवं, असं एका समितीनं 1982 मध्येच सांगितलं होतं. तशी हॉक विमानं आपल्या बिदरला आली 2008 मध्ये. मधली कितीतरी वर्षं मुलं किरणसारख्या संथ विमानावरून मिग-21 वर जात होती, आणि मिग-21 उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असायचं. माझा मित्र यामुळेच गेला असं मी म्हणणार नाही, त्याची चौकशी वेगळी झाली. पण रागाला पुस्तकं आणि तारखा मिळाल्यावर तो नुसता जाळत नाही, एवढं मी अनुभवलंय.

"लढाईत नाही गेला, मग शहीद कसा?" असंही कुणीतरी विचारेलच. त्या वादात पडू नकोस. 28 जानेवारी 2023 ला मध्य प्रदेशात मोरेनाकडे मिराज हे लढाऊ विमान पडलं आणि आपल्या बेळगावचे विंग कमांडर गेले, तेही सरावाचंच उड्डाण होतं. सराव म्हणजे लुटुपुटूची लढाई, असं ज्यांना वाटतं त्यांना मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात घाम गाळणारी पोरं एकदा दाखव.

आणि त्याच्या स्मृतिफलकाचं. मराठीत की कन्नडमध्ये, यावरून तुमच्या बॅचमध्ये बोलाचाली झाली असं लिहिलंयस. वाचून फार वाईट वाटलं. मी आयुष्यभर मराठीसाठी बोलत आलोय, पुढंही बोलेन. पण तुमच्या वर्गातला गोकाकचा तो मुलगा तुझ्या मित्राच्याच डब्यातली भाकरी खायचा आणि हा त्याच्याशी कन्नडमध्येच भांडायचा, हे तूच सांगितलंस ना? मग दोन्ही भाषांत लिहा, एकाच मापाच्या अक्षरांत. मजकूर गोकाकच्या मुलाला आणि तुला, दोघांना मिळून करू दे.

सभा झाली की गर्दी पांगेल, पुढच्या वर्षी हार घालायला दहाजण उरतील. तू गणपतीला जा, दिवाळीला जा, काही निमित्त नसताना जा. मी गेली कित्येक वर्षं जातोय. काकू आता ऐंशीच्या पुढं आहेत, नजर मंदावली आहे. मागच्या संक्रांतीला तिळगूळ देताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझे सगळे पिकले की रे. त्याचेपण पिकले असते."

रविवारी जाणार असशील तर कळव. एकट्यानं जायला जड जात असेल तर मी येतो. तू आत जा, मी बाहेर ओसरीवर बसेन.

तुझा,
काका