पोस्टाने घटस्फोट मिळतो, पण पुण्यात तो चालेल का?

तुमचा प्रश्न वाचला. लग्न पुण्यात हिंदू पद्धतीने झालेलं, आठ महिने दोघं वेगळे राहताय, मूल नाही, भांडण नाही, कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर. दोन महिन्यांनी तुम्ही सिएटलला रुजू होणार आणि नवरा पुण्यातच राहणार. ‘तिकडे पोस्टाने घटस्फोट मिळतो म्हणे, खरं का?’ असं विचारलंत. खरं आहे. मी त्याच वाटेने गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, त्याच्या पूर्वेला, गव्हाच्या शेतांच्या भागात लिंकन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. तिचं कोर्ट डेव्हनपोर्ट नावाच्या लहानशा गावात. राज्यात कुठेही राहत असलात तरी तिथे पोस्टाने अर्ज करता येतो आणि सगळं संमतीने असेल तर कोर्टात उभं राहावं लागत नाही. मी सिएटलजवळ राहते, ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. अमुक महिने राज्यात राहिलं पाहिजे अशी अट नाही, पण अर्ज करताना तुम्ही खरोखर तिथल्या रहिवासी असायला हव्यात. विमानातून उतरल्या उतरल्या हॉटेलच्या पत्त्यावरून अर्ज टाकू नका.

दोष कुणाचा, हे तिथे कोणी विचारत नाही. संसार आता सांधता येणार नाही, एवढं एकच कारण पुरतं. अर्जात जोडीदाराने ‘मला हे मान्य आहे, मी यात सामील आहे’ म्हणून सही करायची जागा असते. तिथे त्याची सही असली की नोटीस बजावण्याची भानगड उरत नाही. मग किमान ९० दिवस थांबायचं. त्यानंतर न्यायाधीश अंतिम आदेशावर सही करतात.

मी कागद कुरिअरने पुण्याला पाठवले होते. माझ्या नवऱ्याने सगळ्या सह्या केल्या, एका पानावर तारीख घालायची राहिली. तेवढ्यासाठी गठ्ठा परत आला. त्या पानावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आणि रिकाम्या रकान्याकडे पेनाने काढलेला बाण. तीन आठवडे गेले. कागद पाठवण्याआधी दोघांनी व्हिडिओ कॉलवर एकेक पान उलटून बघा.

इथवर सोपं आहे. खरी अडचण पुढे येते. तो आदेश अमेरिकेत पूर्ण चालतो, भारतात मात्र आपोआप चालत नाही. १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्यात बसणारं कोर्ट आणि त्यातलंच कारण असेल, तरच परदेशी घटस्फोट मानला जाईल. ‘संसार सांधता येणार नाही’ हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. पण त्याच निकालात अपवादही आहेत आणि त्यांतला एक म्हणजे दुसऱ्या बाजूची संमती. म्हणजे तुमची सगळी भिस्त नवऱ्याच्या त्या सहीवर असणार आहे.

आणि नेमकं इथेच मी चुकले. मी फक्त अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढून तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, करून घेतलं. पुढे पुण्यातल्या एका कार्यालयात विचारलं, ‘यजमानांची संमती होती, याचा कागद कुठे आहे?’ ती सही मूळ अर्जावर होती आणि अर्ज डेव्हनपोर्टच्या फायलीत. पुन्हा पत्र लिहून प्रमाणित प्रत मागवली, अपोस्टिलसाठी राज्याच्या राजधानीला, ऑलिंपियाला पाठवली, मग पुण्याला. तेवढे महिने माझी आई, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रिक्षाने त्या कार्यालयाच्या चकरा मारत होती. ते मला अजून बोचतं. तुम्ही अर्ज आणि आदेश, दोन्हींच्या प्रती एकदमच मागवा. शिवाय नवऱ्याकडून पुण्यात एक प्रतिज्ञापत्र करून घ्या: वॉशिंग्टनच्या कोर्टाचा अधिकार मला मान्य आहे, घटस्फोटाला माझी स्वखुशीने संमती आहे.

तरीही मनापासून सांगते, तुमच्या जागी मी असते तर आधी पुण्यात अर्ज केला असता. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली, एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुमचे चारच महिने उरलेत. ते झाले की सुट्टी काढून या आणि शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दोघांनी मिळून अर्ज करा. त्यानंतरची सहा महिन्यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून काही परिस्थितीत माफ होऊ शकते, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. धरून चालू नका. पुढच्या तारखेला व्हिडिओवरून हजर राहता येईल का, हे वकिलांना आत्ताच विचारा. पुण्याचा आदेश हातात असला, की अमेरिकेत सहसा कोणी हरकत घेत नाही. उलट दिशेने मात्र मी सांगितली तशी फरफट होते.

नवऱ्याला ‘कागदपत्रांपुरतं’ एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, घेऊन जायचा सल्लाही कुणी देईल. नका ऐकू. घटस्फोट झाला की त्या व्हिसाचा आधारच संपतो आणि त्याला तिथे राहता येत नाही.

राहिला फ्लॅट. वॉशिंग्टनच्या आदेशात ‘फ्लॅट पत्नीला’ असं लिहिलं, तरी त्याने कोथरूडच्या कागदांवर काही बदलत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हक्कसोडपत्रासारखा दस्त लागतो, म्हणजे एकाने आपला हिस्सा दुसऱ्याला सोडल्याचा कागद. कर्ज चालू असेल तर बँकेशीही आधी बोलावं लागेल. दोघं पुण्यात आहात आणि बोलणं सुरळीत आहे, तोवर हक्कसोडपत्राचा मसुदा तरी वकिलाकडून करून घ्या.