उग्लान वाचायला घेताना आधी खंडाचं साल बघा

तुमचा प्रश्न असा: स्वीडिश लेखांत वारंवार ज्याचा हवाला दिसतो तो 'उग्लान' काय आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीचा ज्ञानकोश लोक अजून कशाला उघडतात?

'नोर्डिस्क फामिल्येबूक' या स्वीडिश ज्ञानकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीला लोक उग्लान, म्हणजे घुबड, म्हणतात. तिच्या बांधणीवर घुबडाचं चित्र होतं. पहिल्या आवृत्तीवर नॉर्स पुराणकथांतली ईडून देवी होती, म्हणून ती ईडून आवृत्ती. क्रिस्तियान गेर्नांट हे प्रकाशक आणि नील्स लिंडर हे सुरुवातीचे संपादक. पहिला खंड 1876 मध्ये निघाला आणि पुरवण्यांसकट 20 खंड पुरे व्हायला 1899 उजाडलं. दुसरी आवृत्ती 1904 ते 1926, एकूण 38 खंड. आवाका किती वाढला ते पहिल्याच खंडावरून कळतं: ईडूनचा पहिला खंड 'ए'पासून 'बार्बासेना'पर्यंत पोचतो, उग्लानचा 'अर्माती'पर्यंतच. म्हणजे 'ए' हे अक्षरसुद्धा एका खंडात संपलं नाही!

मला स्वतःला उग्लान अतिशय प्रिय आहे, आणि त्याचं कारण हा आकार नाही. खंड वर्णक्रमानं निघत गेले आणि त्याच 22 वर्षांत युरोपचा नकाशा पार बदलला. त्यामुळे कोणता देश कोणत्या अक्षराखाली येतो, यावर त्याच्याबद्दल काय लिहिलं जाणार हे ठरून गेलं. फिनलंड आठव्या खंडात आहे, साल 1908. तेव्हा ती रशियन साम्राज्यातली एक स्वायत्त ग्रँड डची होती, झारच्या अमलाखालची. तेविसावा खंड 1916 चा, त्यातली शेवटची नोंद रशिया. झार अजून गादीवर आहे, क्रांती व्हायला काही महिने आहेत आणि लिहिणाऱ्याला त्याची कल्पना असणं शक्यच नाही. नंतर लिहिलेल्या इतिहासात पुढचं सगळं माहीत असल्याची छाया पडतेच. इथे ती नाही. म्हणून ही नोंद मला इतकी मोलाची वाटते. जागतिक महायुद्ध मात्र स्वीडिशमध्ये 'व्ही'खाली येतं, म्हणजे तेहेतिसाव्या खंडात, 1922 साली. तोवर युद्ध संपून तह झाले होते, म्हणून ती नोंद सबंध युद्धाचा आढावा घेऊ शकली. जे मागे पडलं होतं ते शेवटच्या पुरवणी खंडांत भरून काढलं. तेव्हा एखादा विषय बघताना मूळ नोंद आणि पुरवणीतली नोंद, दोन्ही वाचा.

दुसरी आवृत्ती पुरी व्हायच्या आतच तिसरी सुरू झाली. ती 1937 पर्यंत चालली. चौथी 1951 ते 1957. या दोन्ही आटोपशीर आहेत. आजचा मोठा स्वीडिश ज्ञानकोश म्हणजे 'नाशुनाल-एन्सिक्लोपेडीन'. त्याचे मूळ 20 खंड 1989 ते 1996 या काळात निघाले, आणि त्यासाठी सरकारनं प्रकाशकाला कर्ज दिलं होतं.

उग्लान आज घरोघरी पोचला तो 'प्रोजेक्ट रूनेबेरी'मुळे. लार्स आरोनसन यांनी 1992 मध्ये लिन्शॉपिंगला हा प्रकल्प सुरू केला. स्वामित्वहक्क संपलेली नॉर्डिक पुस्तकं स्कॅन करून फुकट वाचायला ठेवायची, हे त्याचं काम. ईडून आणि उग्लान दोन्ही तिथे पानोपान आहेत. छापील पानाचं चित्र आणि खाली यंत्रानं ओळखलेला मजकूर. त्यातल्या चुका स्वयंसेवक मूळ पानाशी ताडून दुरुस्त करतात. कोणाच्या नजरेतही न येणारं हे काम आहे, आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. स्वीडिश विकिपीडिया 2001 मध्ये सुरू झाला. त्यातल्या पुष्कळ लेखांचा पाया उग्लानमधला मजकूर आहे, आणि तुम्हाला दिसलेले हवाले बहुधा तिथलेच असणार.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. स्वीडिश शुद्धलेखन 1906 मध्ये बदललं. आज नुसत्या 'व्ही'नं लिहिले जाणारे कित्येक शब्द जुन्या लेखनात 'एच-व्ही'नं सुरू होत, म्हणून एखादा शब्द 'व्ही'त सापडला नाही तर 'एच'मध्ये शोधा. दुसरं, वंश, वसाहतींतले लोक, स्त्रिया यांबद्दलच्या नोंदींत त्या काळचे पूर्वग्रह सरळसरळ आहेत. त्या काळी सुशिक्षित युरोपीय माणूस काय मानत होता याचा पुरावा म्हणून त्या वाचाव्यात. वस्तुस्थिती म्हणून त्यांचा हवाला देऊ नये.

सुरुवात करायची असेल तर रशियाची नोंद असलेला तेविसावा खंड घ्या.