एक महिन्याचं बाळ आणि अडीच वर्षांचं मोठं मूल: दुहेरी बाबागाडी घ्यावी का?

आधी टेप घेऊन लिफ्टचं दार मोजा. शेजारी-शेजारी सीट असलेल्या गाडीची रुंदी साधारण ७५ ते ८० सेंमी असते आणि आपल्याकडच्या बऱ्याच लिफ्टची दारं ७० ते ८० सेंमीच उघडतात. मागे-पुढे सीटची गाडी अरुंद असते, पण लांब. म्हणून लिफ्ट आत किती खोल आहे, तेही मोजा. फुटपाथवर चढवताना या लांब गाडीचं पुढचं टोक उचलणं जड जातं.

मोठं मूल चालतं, त्यामुळे माझ्या मते दुहेरी गाडी नकोच. एकेरी गाडी आणि तिला मागे जोडायची उभं राहायची चाकांची फळी पुरते. फळीची मर्यादा बहुधा २० किलो असते. तुमच्या गाडीला ती बसते का, हे विकत घेण्याआधी पाहा. मोठ्याला रोज दुपारी बाहेरच झोप लागत असेल तरच दुहेरीचा विचार करा.

बाळाची सीट पूर्ण आडवी व्हायलाच हवी. मान साधारण तीन-चार महिन्यांनी सावरते आणि सहा महिन्यांपर्यंत बाळ नीट बसू शकत नाही. अर्धवट बसवलं तर हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. पट्टा पाच बिंदूंचा हवा, म्हणजे दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून धरणारा. पेव्हर ब्लॉकवर छोटी प्लास्टिकची चाकं अडकतात, मोठी रबरी घ्या.

भाजीची पिशवी हँडलला लटकवू नका. मूल उचललं की गाडी मागे उलटते. आणि उन्हात गाडीवर ओढणी टाकू नका, आत हवा कोंडून बाळ तापतं.