स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट या डोंगरी स्की-गावात एवढी नवी घरे आणि स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट एकदम कशा आल्या? परदेशी माणसाला तिथे फ्लॅट घेता येतो का?

हो, घेता येतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये ही दुर्मीळ गोष्ट आहे. तिथल्या कायद्याने परदेशस्थांच्या घरखरेदीवर कडक बंधने आहेत. शिवाय 2012च्या सार्वमतानंतर कोणत्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरे 20 टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत असे ठरले. आंडरमाटच्या प्रकल्पाला दोन्हींतून सूट मिळाली.

कारण गावाच्या इतिहासात आहे. अनेक दशके इथला मोठा रोजगार म्हणजे लष्कर. ते आवरते घेऊ लागले तशी गावाची चिंता वाढली. तेव्हा इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस लष्कराच्या जमिनीवर हॉटेले, फ्लॅट आणि गोल्फ मैदानाची योजना घेऊन आले. 2013 अखेरीस चेडी हॉटेल उघडले.

लिफ्ट मात्र घरांशिवाय परवडत नाहीत. गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, उभारायला कोट्यवधी फ्रँक लागतात आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या तिकिटांवर ते भरून निघणे कठीण. मुक्कामी माणूस हवा, म्हणून घरे; आणि घर विकायचे तर स्कीची उतरण मोठी हवी, म्हणून लिफ्ट. ओबरआल्प खिंडीवरून आंडरमाट आणि शेजारचे सेद्रुन ही स्की-क्षेत्रे जोडली गेली ते याच हिशेबाने. 2022मध्ये अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्सने लिफ्ट चालवणाऱ्या कंपनीचा 55 टक्के हिस्सा घेतला.

माझे मत विचाराल तर घेण्याआधी एकदा नोव्हेंबरात जाऊन या. हंगाम नसताना किती खिडक्यांत दिवा दिसतो, ते माहितीपत्रकात छापलेले नसते. आणि स्की चांगले येत असेल तर गावाजवळचा गेमस्टॉक डोंगर चुकवू नका, 2,961 मीटर उंच आहे.