धर्मांचा अभ्यास करून पुढे काय?

प्रश्न : माझ्या मुलीने धर्म-अभ्यास हा मुख्य विषय घेऊन पदवी करायचे ठरवले आहे. तिला धर्मोपदेशक व्हायचे नाही. मग या पदवीवर तिला कोणते काम मिळेल? – एक पालक

उत्तर : आपली काळजी अनाठायी नाही. अध्यापन सोडले, तर या पदवीशी थेट जोडलेले काम फारसे नाही, आणि हे मुलीने प्रवेशाआधीच जाणून घ्यावे. मात्र या अभ्यासाला श्रद्धाळू असण्याची अट नाही. धर्मांचे तौलनिक अभ्यासक माक्स म्युलर यांनी १८७० मध्ये लंडनमध्ये या विषयावर व्याख्याने दिली, तेव्हाही भर धर्मांच्या तुलनेवरच होता.

वर्गात काय घडते, हे एका उदाहरणावरून पाहावे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात योसेफ हा गुलाम धन्याच्या पत्नीला नकार देऊन पळतो, आणि तिच्या हाती राहिलेले त्याचे वस्त्र त्याच्यावरच्या बळजबरीच्या खोट्या आरोपाचा पुरावा ठरते. कुराणाच्या बाराव्या सूरेत (अध्यायात) मात्र यूसुफचा, म्हणजे याच योसेफाचा, सदरा मागून फाटलेला आहे, अर्थात तो पळत होता, म्हणून तो निर्दोष असल्याचे सिद्ध होते. तुरुंगवास दोन्हीकडे टळत नाही. हा फरक नेमका टिपणे आणि दोन्ही परंपरांच्या अनुयायांना मान्य होईल अशा शब्दांत मांडणे, हे या अभ्यासाचे खरे शिक्षण आहे, आणि वकिली, पत्रकारिता, संपादन, समाजकार्य या क्षेत्रांत नेमकी हीच सवय उपयोगी पडते.

रुग्णालयातील समुपदेशकाचेच पाहा. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त घेत नाहीत, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण रक्तापासून वेगळे केलेले काही घटक घ्यावेत की नाही, हा निर्णय ते ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडतात. हे जाणणारी व्यक्ती रुग्णाच्या वतीने उत्तर गृहीत न धरता त्यालाच विचारते. माझ्या मते पंथाची ठोकळेबाज माहिती पाठ असण्यापेक्षा हे विचारता येणे अधिक मोलाचे आहे.

तरीही केवळ या एका विषयावर विसंबू नये. सोबत एखादी भाषा मूळ ग्रंथ वाचता येईल इतकी शिकावी, आणि कायदा, संख्याशास्त्र किंवा समाजकार्य यांपैकी एक विषय दुसऱ्या वर्षाच्या आतच जोडून घ्यावा. शेवटच्या वर्षी ही जुळवाजुळव घाईची होते. क्षेत्रकार्य आणि मुलाखती अभ्यासक्रमात आहेत का, तसेच विभागाचे माजी विद्यार्थी आज काय करतात, हे प्रवेशापूर्वी विचारावे. पुढे अर्ज करताना पदवीच्या नावापाशी न थांबता, कोणते ग्रंथ वाचले, कोणाच्या मुलाखती घेतल्या आणि प्रबंधात काय दाखवून दिले, ते तिने स्पष्ट लिहावे.