इंजिन कव्हरवर पावडर कोटिंगनंतर बारीक छिद्रं का पडतात?

पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी पूड धातूवर मारून भट्टीत वितळवतात. भट्टीतून काढल्यावर कव्हरवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसत असतील, तर दोष बहुतेक वेळा पावडरचा नसतो. ओतीव ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा आणि इंजिन ऑइल मुरलेलं असतं. पावडर वितळताना तेच बुडबुडे होऊन वर येतं. म्हणून ऑइल सील, ओ-रिंग असे रबरी भाग काढा, डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुवा, ब्लास्टिंग करा (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग साफ करा) आणि पावडर न मारताच कव्हर २२० अंश सेल्सिअसला तासभर भाजा. तेलाचे तपकिरी डाग उमटले तर पुन्हा धुवा, पुन्हा भाजा. इथे घाई नकोच. मग बेअरिंगची जागा, आटे, गास्केटची कड उष्णतारोधक टेपने झाकून ६०–८० मायक्रॉनचा थर द्या. साधारण २०० अंशांना १० मिनिटं भाजा, पण वेळ धातू तापल्यापासून मोजा, भट्टी तापल्यापासून नव्हे.